एक्सव्ही-सिक्समध्ये लॉगिन सेशन कसं बांधायचं: पासवर्डपासून लॉगआउटपर्यंत

फोंडा आणि आसपासच्या अभियांत्रिकीच्या मुलांना ऑपरेटिंग सिस्टीमचा प्रोजेक्ट निवडायचा असतो तेव्हा 'एक्सव्ही-सिक्समध्ये लॉगिन' हा विषय हमखास कुणीतरी उचलतं. विषय उत्तमच आहे. एमआयटीत शिकवण्यासाठी लिहिलेला हा छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीवर बेतलेला आहे. त्यात फाइल सिस्टीम आहे, आज्ञा घेऊन प्रोग्रॅम चालवणारं शेल आहे, एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे माहिती नेणारे पाइप आहेत. फक्त वापरकर्ता ही कल्पनाच नाही. त्यामुळे ती आपल्या हाताने घालताना कर्नलचे बरेच कोपरे पाहून होतात.

अडचण अशी की बहुतेकांचं काम फार लवकर थांबतं. नाव विचारलं, पासवर्ड जुळला, शेल सुरू केलं, संपलं. कर्नलमधली एक ओळही बदललेली नसते. अशा शेलमध्ये शिरून 'किल १' एवढंच टाइप करून पाहा. एक क्रमांकाची प्रोसेस (चालू असलेला प्रोग्रॅम) म्हणजे इनिट, मशीन सुरू होताना पहिली उभी राहणारी. ती मरायला निघाली की कर्नल 'इनिट एक्झिटिंग' म्हणत पॅनिक होतो आणि मशीन जागच्या जागी थांबतं. पासवर्ड विचारूनही कुणाला काय करू द्यायचं हे कर्नलला कळलेलंच नसतं.

सेशन म्हणजे कर्नलने प्रत्येक प्रोसेसबद्दल लक्षात ठेवलेली माहिती. ही प्रोसेस कुणाची, कुठल्या लॉगिनमधून जन्मली, आणि ते लॉगिन संपलं की हिचं काय करायचं. यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड आहे, म्हणून या लेखात लॉगआउटला लॉगिनपेक्षा जास्त जागा दिली आहे.

आधी लिनक्सकडे पाहून घ्या

लिनक्सचा कर्नल पासवर्ड तपासत नाही. ते काम लॉगिन प्रोग्रॅम, दुरून लॉगिन करायचं एसएसएच किंवा डेस्कटॉपची लॉगिन खिडकी करते, आणि त्या सगळ्या पॅम नावाच्या थराला विचारतात. पॅमची कल्पना १९९५ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्समधून आली. तिच्यात चार वेगळी कामं आहेत: ओळख पटवणं, खातं चालू आहे का पाहणं, पासवर्ड बदलणं आणि सेशन उघडणं-मिटवणं. कर्नलपर्यंत पोचतो तो फक्त निकाल: ही प्रोसेस यापुढे यूआयडी (वापरकर्ता क्रमांक) १००१ची. पासवर्ड, हॅश (पासवर्डवरून काढलेला, उलटवता न येणारा आकडा), खात्यांची यादी हे सारं कर्नलबाहेर. आपणही हीच वाटणी ठेवायची. हॅशिंगचा कोड कर्नलमध्ये कोंबलेला प्रोजेक्ट मला कधीच पटत नाही.

कर्नलच्या बाजूला चार गोष्टी असतात. पहिली, क्रेडेन्शियल्स: यूआयडी, जीआयडी (गट क्रमांक) आणि त्यांचे भाऊबंद. २००९ मध्ये आलेल्या २.६.२९ आवृत्तीपासून त्यांचं स्वतंत्र स्ट्रक्चर आहे. ते जागच्या जागी कधी बदलत नाहीत. प्रत काढायची, प्रतीत बदल करायचा आणि पूर्ण झालेली प्रत एकदम जुनीच्या जागी लावायची. दुसऱ्या सीपीयूवरून कुणी वाचत असेल तर त्याला अर्धवट बदललेली ओळख दिसत नाही. दुसरी गोष्ट सेशन क्रमांक, तिसरी ऑडिटसाठीचा लॉगिनयूआयडी, चौथी किल्ल्या आणि टोकन ठेवायची की-रिंग.

लॉगिनयूआयडी हाताने पाहण्यासारखा आहे. उबुंटूच्या टर्मिनलमध्ये 'प्रॉक' फोल्डरमधल्या 'सेल्फ'खाली 'लॉगिनयूआयडी' ही फाइल कॅट करा. साधारणपणे १००० दिसेल. मग सूडो करून रूटचं, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचं, शेल उघडा आणि तीच फाइल पुन्हा वाचा. यूआयडी शून्य झालेला असतो, लॉगिनयूआयडी मात्र १०००च. दशावतारात राजाचं सोंग घेतलेल्या माणसाचं मतदार यादीतलं नाव बदलत नाही, तसंच हे. मशीन सुरू होताना उभ्या राहिलेल्या, कुणीच लॉगिन न केलेल्या सेवांमध्ये तिथे ४२९४९६७२९५ हा आकडा दिसतो. घाबरू नका, ती बत्तीस बिटांतली उणे एक आहे, म्हणजे 'अजून कुणीच नाही'.

तयारी

रिस्क-फाइव्ह या प्रोसेसरसाठीचा कंपायलर आणि मशीनची नक्कल करणारा क्यूएमू बसवा, एक्सव्ही-सिक्सची रिस्क-फाइव्ह आवृत्ती उतरवा, स्वतःची गिट शाखा काढा. मेकफाइल तीन सीपीयू गृहीत धरते. सुरुवातीला एकच ठेवा. शेवटी मात्र तीनवर चालवल्याशिवाय काम झालं म्हणू नका, कारण लॉकच्या (एका वेळी एकालाच हात लावू देणाऱ्या कुलपाच्या) चुका एका सीपीयूवर लपून राहतात. क्यूएमूमधून बाहेर पडायला कंट्रोल-ए आणि मग एक्स. अलीकडच्या प्रतीत फोर्क (प्रोसेसची प्रत काढणारा), किल, एक्झिट यांच्या कर्नलमधल्या नावांपुढे 'के' लागलेला दिसेल; मी जुनी नावंच वापरतो.

उदाहरणासाठी दोन खाती धरू: मांडवी, यूआयडी १००१, आणि झुआरी, यूआयडी १००२. रूट अर्थात शून्य.

पायरी पहिली: प्रोसेसला ओळख द्या

प्रॉक.एच मध्ये स्ट्रक्ट प्रॉक उघडा. त्यात तीन पूर्णांक घालायचे: यूआयडी, सेशन क्रमांक म्हणजे एसआयडी, आणि लॉगिनयूआयडी. गटांची भानगड पहिल्या फेरीत नको.

हे कुठे घालायचे याला महत्त्व आहे. त्या स्ट्रक्चरमध्ये कॉमेंट देऊन गट पाडलेले आहेत. स्टेट, किल्ड, पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) वगैरेंना हात लावताना त्या प्रोसेसचं लॉक घ्यावं लागतं. पेजटेबल, उघड्या फाइली, चालू फोल्डर हे त्या प्रोसेसचं खासगी, त्यांना लॉक नको. यूआयडी खासगी वाटतो, पण तो तसा नाही. उद्या किल करताना दुसरी प्रोसेस आपला यूआयडी वाचणार आहे. म्हणून तिन्ही फील्ड लॉकवाल्या गटात.

मग तीन जागा सांभाळा. नवी प्रोसेस घडवणाऱ्या अलॉकप्रॉकमध्ये यूआयडी व एसआयडी शून्य आणि लॉगिनयूआयडी उणे एक. फोर्कमध्ये आईची, म्हणजे मूळ प्रोसेसची, तिन्ही मूल्यं मुलाला, म्हणजे प्रतीला, द्या. मुलाचं लॉक अलॉकप्रॉकपासून हातात असतंच, आणि स्वतःचा यूआयडी फक्त स्वतःच बदलत असल्याने तो वाचायला वेगळं लॉक लागत नाही. प्रोसेसची जागा मोकळी करणाऱ्या फ्रीप्रॉकमध्ये सगळं पुसा. ही तिसरी जागा मुलं विसरतात. प्रोसेस टेबलात जागा चौसष्टच आहेत आणि त्या पुन्हापुन्हा वापरल्या जातात, त्यामुळे तिथे शिळी ओळख राहू देऊ नये.

एक्झेकमध्ये, म्हणजे त्याच प्रोसेसमध्ये दुसरा प्रोग्रॅम भरताना, काही करायचं नाही. प्रोग्रॅम बदलला तरी माणूस तोच.

पायरी दुसरी: सिस्टीम कॉल

प्रोग्रॅमने कर्नलला काम सांगायची वाट म्हणजे सिस्टीम कॉल. चार हवेत: गेटयूआयडी, सेटयूआयडी, सेटएसआयडी आणि एंडसेशन. एक्सव्ही-सिक्समध्ये नवा कॉल घालायला पाच ठिकाणी हात लावावा लागतो: सिसकॉल.एच मध्ये क्रमांक, सिसकॉल.सी मधल्या तक्त्यात नोंद, सिसप्रॉक.सी मध्ये प्रत्यक्ष फंक्शन, यूजर.एच मध्ये घोषणा आणि यूसिस.पीएल मध्ये एक ओळ. मूळ कॉल २१ पर्यंत आहेत, आपले २२ पासून.

सेटयूआयडीचा नियम सरळ ठेवा: बोलावणारा यूआयडी शून्य असेल तरच मान्य, नाहीतर उणे एक. लॉगिनयूआयडी उणे एक असेल तर त्याच वेळी तोही भरा. एकदा भरला की पुन्हा बदलू नका.

सेटएसआयडीबाबत मी पॉझिक्सपासून (युनिक्ससारख्या सिस्टीमचं मानक) मुद्दाम फारकत घेतो. पॉझिक्समध्ये प्रोसेस-गटाची प्रमुख नसलेली कुठलीही प्रोसेस स्वतःचं नवं सेशन काढू शकते. पार्श्वभूमीतल्या सेवा याच वाटेने टर्मिनलपासून सुटतात. पण मग वापरकर्ताही सहज सुटतो, आणि लॉगआउटच्या वेळी त्याच्या प्रोसेस सापडत नाहीत. लिनक्सला त्यासाठी सीग्रुपचं, म्हणजे कर्नलने राखलेल्या प्रोसेसच्या गटांचं, कुंपण वेगळं घालावं लागलं. आपल्याकडे सीग्रुप नाही, म्हणून सेटएसआयडी फक्त रूटला.

एसआयडी म्हणून त्या प्रोसेसचा पीआयडीच वापरा. सोय अशी की फोर्क केल्यावर आईला मुलाचा पीआयडी कळतोच, म्हणजे सेशनचा क्रमांक सांगायला वेगळा पाइप नको. एक्सव्ही-सिक्समध्ये पीआयडी फक्त वाढत जातो, त्यामुळे जुना क्रमांक परत यायची धास्ती नाही. लिनक्समध्ये क्रमांक पुन्हा वापरले जातात. तिथे एखादा क्रमांक सेशनचा म्हणून वापरात असेपर्यंत कर्नल तो नव्या प्रोसेसला देत नाही.

किलमध्ये एक अट घाला: पाठवणारा रूट हवा किंवा दोघांचा यूआयडी सारखा हवा. समोरच्याचा यूआयडी त्याचं लॉक हातात असतानाच वाचायचा. किलमध्ये ते लॉक घेतलेलं असतंच, अट त्याच्या आत बसवा.

पायरी तिसरी: लॉगिन प्रोग्रॅम

इनिट आता शेलऐवजी लॉगिन चालवेल. इनिट.सी मध्ये एवढाच बदल.

लॉगिनने थेट एक्झेक करून शेल व्हायचं नाही. तसं केलं तर रूटच्या अधिकाराने मागचं आवरायला कुणी उरत नाही. लॉगिनने फोर्क करायचा. मुलाने शेल व्हायचं, आईने रूट म्हणूनच वाट पाहत बसायचं. लिनक्सवरचं लॉगिनही असंच करतं, कारण शेवटी पॅमला सेशन मिटवायला सांगायचं असतं. वापरकर्ता या आईला मारू शकत नाही, ती रूटची आहे. किलची अट इथे कामी येते.

मुलाच्या बाजूचा क्रम: सेटएसआयडी, मग सेटयूआयडी, मग एक्झेक. पुढे गट घातलेत तर गट आणि जीआयडी हे यूआयडीच्या आधी, कारण यूआयडी सोडला की बाकीचं बदलायचा अधिकारही गेला. आणि प्रत्येक कॉलचं उत्तर तपासा. सेटयूआयडी फसला आणि तुम्ही तसेच पुढे गेलात, तर पासवर्ड देणाऱ्या साध्या माणसाच्या हाती रूटचं शेल पडतं. फसलं तर तिथेच एक्झिट.

आता मला सगळ्यांत जिव्हाळ्याची जागा. लॉगिन खात्यांची फाइल उघडतं तेव्हा ते रूट असतं. शून्य, एक, दोन हे तीन डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलींचे क्रमांक) इनिटने कन्सोलसाठी उघडलेले असतात, म्हणून ही फाइल तीन क्रमांकावर येते. फोर्क उघड्या फाइली मुलाला देतो, एक्झेक त्या तशाच ठेवतो, आणि एक्झेकच्या वेळी आपोआप मिटण्याची सोय एक्सव्ही-सिक्समध्ये नाही. म्हणजे फाइल मिटायची राहिली, तर मांडवीच्या शेलमध्ये डिस्क्रिप्टर तीन उघडा असतो. फाइलवर कितीही कडक परवानगी लावा, तपासणी फक्त उघडताना होते; उघडी असलेली फाइल ती आरामात वाचेल. खात्यांची फाइल फोर्कच्या आधी मिटा. पासवर्ड ठेवलेला ॲरेही फोर्कच्या आधीच पुसा, नाहीतर त्याची प्रत मुलाच्या मेमरीत जाते.

चुकीच्या पासवर्डला आणि अस्तित्वात नसलेल्या नावाला एकच संदेश द्या, आणि काही टिक (टायमरचे ठोके) थांबून पुन्हा विचारा. नाव सापडलं नाही तरी एक हॅश काढाच, म्हणजे उत्तराच्या वेगावरून कुणाला अंदाज येणार नाही.

पायरी चौथी: कन्सोल

एक्सव्ही-सिक्सचा कन्सोल टाइप केलेलं प्रत्येक अक्षर परत दाखवतो. ते कन्सोलइंटर या फंक्शनमध्ये होतं. तिथे इकोचा एक फ्लॅग घाला आणि तो बदलायला आणखी एक छोटा कॉल द्या, तोही फक्त रूटला. लॉगिन सुरू होताक्षणी इको चालू करा. मागचं लॉगिन पासवर्ड वाचताना मेलं असेल तर कन्सोल मुका राहायला नको.

त्याच वेळी इनपुटचा बफरही रिकामा करा. मांडवीने जाता जाता काही ओळी टाइप केल्या असतील, तर त्या पुढच्या माणसाच्या लॉगिनमध्ये किंवा त्याहून वाईट म्हणजे त्याच्या शेलमध्ये जाऊन पडतात. कन्सोलचे वाचन, लेखन आणि संपादन हे तिन्ही निर्देशांक एकाच जागी आणले की झालं, अर्थात कन्सोलचं लॉक घेऊन.

कंट्रोल-पी दाबलं की एक्सव्ही-सिक्स प्रोसेसची यादी छापतो, तीही लॉगिन न करता. काम चालू असेपर्यंत ती राहू द्या, तपासणीला लागेल. प्रोजेक्ट सादर करण्याआधी काढा.

पायरी पाचवी: लॉगआउट

शेलमध्ये ओळीच्या सुरुवातीला कंट्रोल-डी दाबलं की शेल संपतं आणि लॉगिनमधली वाट पाहणारी आई जागी होते. पण मांडवीने शेवटी अँड चिन्ह देऊन मागे सोडलेली प्रोसेस जिवंतच असते. ती आता इनिटची मूल झालेली असते, यूआयडी मांडवीचा, आणि कन्सोल तिच्याकडे अजून उघडा. ती कन्सोल वाचत बसली असेल तर झुआरीने टाइप केलेली अक्षरं तिच्या हाती लागतील. झुआरीच्या पासवर्डाचीसुद्धा.

म्हणून एंडसेशन. पहिला विचार सोपा वाटतो: प्रोसेस टेबलभर फिरा, एसआयडी जुळला की किल्डचा फ्लॅग लावा, झोपलेली असेल तर उठवा. किलमध्ये हेच होतं. कन्सोल वाचताना अडकलेली प्रोसेस उठल्यावर आपण मारले गेलोय हे तपासते आणि बाहेर पडते. नुसती आकडेमोड करत फिरणारी प्रोसेस पुढच्या टायमरला, साधारण सेकंदाच्या दहाव्या भागात, संपते.

यात एक भोक आहे. आपण टेबलातली पाचवी जागा पार करून दहाव्या जागेवर आलोय, आणि विसाव्या जागेवरची प्रोसेस दुसऱ्या सीपीयूवर फोर्क करते आहे. मुलाला नेमकी रिकामी झालेली तिसरी जागा मिळाली. विसावी मरते, तिसरी सुटते. पुन्हा फेरी मारली तर तीही सापडेल, पण सतत फोर्क करत सुटलेल्या प्रोग्रॅमपुढे ही शर्यत कधी संपेल याची खात्री देता येत नाही. तेव्हा आधी दार लावायचं, मग आत शोधायचं.

त्यासाठी सेशनचं एक लहान टेबल करा. प्रत्येक नोंदीत एसआयडी आणि 'मिटत आहे' असा फ्लॅग, सगळ्या टेबलाला एक लॉक. सेटएसआयडी नोंद करेल. टेबल भरलेलं असेल तर उणे एक देईल आणि लॉगिन तिथेच थांबेल. फोर्कमध्ये, मेमरीची प्रत काढणाऱ्या यूव्हीएमकॉपीनंतर आणि उघड्या फाइली मुलाला देणाऱ्या फाइलडुपच्या आधी, टेबलाचं लॉक घेऊन पाहा: आपलं सेशन मिटत असेल तर फ्रीप्रॉक करून उणे एक. जागा हीच, कारण इथवर फाइलींचे संदर्भ वाढलेले नसतात आणि यूव्हीएमकॉपी फसल्यावरची परतीची वाट जशीच्या तशी वापरता येते. दार उघडं असेल तर तिथेच मुलाला एसआयडी द्या.

एंडसेशन आधी टेबलाचं लॉक घेऊन फ्लॅग लावतं, लॉक सोडतं, आणि मग प्रोसेस टेबलावर फिरतं. दार लागण्याआधी आत आलेल्या फोर्कचं काय? त्याच्याकडे मुलाचं लॉक आहे. आपण त्या जागेवर पोचलो की त्याने ते सोडेपर्यंत थांबतो, आणि सोडेपर्यंत मुलाला एसआयडी मिळालेला असतो. म्हणून एकाच फेरीत सगळे सापडतात. मूल त्या क्षणी चालायला तयारही नसेल, तरी किल्डचा फ्लॅग त्याच्यावर राहतो आणि पहिल्याच ट्रॅपला (कर्नलमध्ये शिरताना) ते संपतं.

लॉकचा क्रम मात्र पाळा. फोर्कमध्ये आपण प्रोसेसचं लॉक हातात असताना टेबलाचं घेतो. म्हणून उलट कधी करायचं नाही: टेबलाचं लॉक धरून प्रोसेसचं मागायचं नाही. टेबलाच्या लॉकवर स्लीप किंवा ते धरून वेकअपही नको, कारण ती दोन्ही आतून प्रोसेसची लॉकं घेतात. तीन सीपीयूवर याचं डेडलॉक (दोघं एकमेकांच्या लॉकसाठी कायमचे अडकणं) व्हायला वेळ लागत नाही.

सगळे खरंच गेले हे कसं कळणार? एंडसेशनने त्या सेशनच्या अजून जिवंत प्रोसेस मोजून आकडा परत द्यायचा. झोंबी (संपलेल्या, पण आईने अजून न आवरलेल्या प्रोसेस) आणि रिकाम्या जागा मोजायच्या नाहीत. लॉगिनने तो शून्य होईपर्यंत एकेक टिक थांबून पुन्हा बोलवायचं. शून्य झाला की टेबलातली नोंद मोकळी, लॉगिन संपलं, इनिट नवं लॉगिन उभं करतं.

लिनक्सलाही हाच पेच सोडवावा लागला. २०२१ च्या ५.१४ आवृत्तीत सीग्रुपमध्ये 'सीग्रुप.किल' नावाची फाइल आली. तिच्यात १ लिहिलं की त्या सीग्रुपमधल्या आणि त्याच्याखालच्या साऱ्या प्रोसेस जातात, त्याच वेळी होणाऱ्या फोर्कसकट.

पायरी सहावी: खात्यांची फाइल झाकणं

फाइलींना मालक नसेल तर खात्यांची फाइल कुणीही कॅट करेल. डिस्कवरच्या आयनोडमध्ये (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) मालक आणि परवानगी घालायला जाल तेव्हा डिस्कची प्रतिमा बनवणाऱ्या एमकेएफएसमधलं असर्ट (अट तपासणारी ओळ) फुटेल. डिस्कवरचा आयनोड ६४ बाइटांचा असतो आणि ब्लॉक १०२४ बाइटांचा. एका ब्लॉकात बरोबर सोळा बसतात. चार बाइट वाढवले की ६८ होतात, आणि १०२४ ला त्याने भाग जात नाही. उपाय असा की थेट ब्लॉकांचे पत्ते बारावरून अकरा करा. सुटलेल्या चार बाइटांत दोन बाइटांचा यूआयडी आणि दोन बाइटांची परवानगी बसते. फाइलची कमाल लांबी २६८ ब्लॉकांवरून २६७ वर येते, एवढीच किंमत.

मेमरीतल्या आयनोडमध्येही तीच फील्ड घाला. आयलॉक डिस्कवरून वाचताना आणि आयअपडेट लिहिताना ती हलवायला हवीत. मेमरीतल्या आयनोडमधला पत्त्यांचा ॲरे त्याच स्थिरांकावर असल्याने तो आपोआप जुळतो. मेक क्लीन करून डिस्कची प्रतिमा नव्याने बांधा, जुनी चालणार नाही. तपासणी उघडताना, एक्झेक करताना, पुसताना आणि फोल्डर बदलताना करा.

हॅशसाठी एक्सव्ही-सिक्समध्ये काही तयार नाही, आणि चांगल्या यादृच्छिक आकड्यांचा स्रोतही नाही. सॉल्ट (हॅश काढताना पासवर्डात मिसळायचे यादृच्छिक आकडे) तुमच्या लिनक्स मशीनवर बनवून एमकेएफएसच्या वेळी फाइलमध्ये घाला, आणि एसएचए-२५६ पुष्कळ वेळा फिरवा. अहवालात हे शिकाऊ प्रोजेक्टापुरतं आहे असं स्पष्ट लिहा. खऱ्या यंत्रणेत यस्क्रिप्ट किंवा आर्गॉन-टू वापरतात.

खोटी लॉगिन स्क्रीन

मांडवी स्वतःच्या शेलमध्ये असा प्रोग्रॅम चालवून निघून गेली, जो हुबेहूब लॉगिनसारखा प्रश्न विचारतो, तर? झुआरी येऊन पासवर्ड देणार. यावर प्रोग्रॅमला अडवता न येणारी कळ लागते. विंडोजमधलं कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मुळात याचसाठी. लिनक्समध्ये ऑल्ट, सिसआरक्यू आणि के. आपल्याकडे कन्सोलइंटरमध्ये एक कंट्रोल-कळ राखून ठेवा, जी चालू सेशनवर दार लावण्याचा आणि किल्डचा फ्लॅग लावते. कन्सोल एकच असल्याने शेवटचा सेटएसआयडी कुणाचा हे एका चलात ठेवलं की पुरतं. इंटरप्टमध्ये आहात हे विसरू नका: तिथे झोपता येत नाही, फक्त फ्लॅग लावायचे. शेल मेलं की लॉगिनमधली आई बाकीचं आवरते.

तपासणी

आधी यूजरटेस्ट्स (एक्सव्ही-सिक्ससोबत येणाऱ्या चाचण्या) रूट म्हणून चालवा. जुनं काही मोडलं नाही ना ते कळेल. मग मांडवी म्हणून 'किल १': नकार यायला हवा, पॅनिक नाही. मग मांडवीच्या शेलमध्ये डिस्क्रिप्टर तीनवरून वाचायचा प्रयत्न करणारा चार ओळींचा प्रोग्रॅम: उणे एक. मग मागे फिरणारी एक अनंत लूप सोडून कंट्रोल-डी, आणि लॉगिनच्या प्रश्नावर कंट्रोल-पी: यादीत फक्त इनिट आणि लॉगिन. शेवटी सतत फोर्क करत राहणारा प्रोग्रॅम मागे सोडून तेच, तीन सीपीयूवर, पुन्हा पुन्हा. पायरी पाचवीतलं भोक उघडं असेल तर ते इथेच सापडेल.

लॅबमधल्या खऱ्या मशीनसाठी

प्रोजेक्ट एक्सव्ही-सिक्सवर असला तरी लॅबमध्ये लिनक्सच असतो. चवथीच्या सुट्टीला सगळे गावी जातात तेव्हा उघडी सेशन मागे राहू नयेत, यासाठी या गोष्टी पाहा.

'लॉगिनसीटीएल लिस्ट-सेशन्स' उघडी सेशन दाखवतं, 'सेशन-स्टेटस' आणि क्रमांक दिल्यास त्यातल्या प्रोसेसही, 'टर्मिनेट-सेशन' ते मिटवतं. मात्र लॉगआउटनंतर मागे राहिलेल्या प्रोसेस आपोआप मरतील असं गृहीत धरू नका. सिस्टीमडीने (लिनक्सच्या सेवा आणि सेशन सांभाळणारी यंत्रणा) २०१६ च्या २३० आवृत्तीत तसं डीफॉल्ट केलं. लॉगआउटनंतरही काम चालू ठेवणारे टीमक्स आणि स्क्रीन वापरणाऱ्यांनी मोठा विरोध केला आणि डेबियनने ते बंद ठेवलं. सामायिक लॅबमध्ये माझं मत स्पष्ट आहे: लॉगिनडी.कॉन्फ मध्ये 'किलयूजरप्रोसेसेस' चालू करा, आणि ज्याला रात्रभर काम चालवायचंय त्याला 'एनेबल-लिंगर'ने वेगळी परवानगी द्या.

पावसात वीज जाते तेव्हा घरून एसएसएच केलेल्याचं मशीन किंवा राउटर बंद पडतो, आणि सर्व्हरला ते कळत नाही; सेशन तसंच लटकत राहतं. एसएसएचच्या सर्व्हरमध्ये 'क्लायंटअलाइव्हइंटरव्हल' मुळात शून्य, म्हणजे बंद असतं. ते ६० करा. 'काउंटमॅक्स' मुळात ३ आहे, म्हणजे उत्तर न देणारं सेशन तीनेक मिनिटांत तुटेल. सर्व्हरचीच वीज गेली तर कर्नलमधली सेशन मेमरीसोबत जातात. 'लास्ट' कमांडमध्ये त्या लॉगिनपुढे 'क्रॅश' दिसतं, कारण लॉगआउटची नोंद लिहायला कुणी उरलेलंच नसतं.